एनसीव्ही करताना: मनगटापासून मज्जारज्जूपर्यंत

एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी) म्हणजे नसेला विजेचा छोटा शॉक देऊन ती संदेश किती वेगाने नेते हे मोजणारी तपासणी. पेशंट येऊन बसला की पहिली पाचेक मिनिटं आम्ही मशीनला हात लावत नाही. चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'हाताला मुंग्या, एनसीव्ही करणे' एवढंच असतं आणि त्यावरून कुठली नस तपासायची ते ठरत नाही. मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात, रात्री त्याने जाग येते का, मान वळवली की वाढतात का, हे विचारायचं. मग कापसाचा बोळा घेऊन अनामिकेच्या दोन्ही बाजू बघायच्या. या बोटाची अंगठ्याकडची बाजू मीडियन नर्व्ह या नसेकडे असते आणि करंगळीकडची अल्नर नर्व्ह या नसेकडे. बोट मधोमध दुभागल्यासारखं एकाच बाजूने बधिर असेल तर दोष हातातल्या नसेत असण्याची शक्यता बळावते. मानेतून निघणारं नसेचं मूळ दबलं असेल तर बधिरपणा असा अर्ध्या बोटावर थांबत नाही. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दोन्ही हातांत सारखा भरलेला आहे का तेही बघायचं. एवढं झालं की कुठल्या नसा, कुठल्या क्रमाने हे ठरतं. जी नस तपासलीच नाही, तिच्याबद्दल मशीन काही सांगत नाही.

मग तापमान. या तपासणीत खोटे रिपोर्ट कशामुळे होतात असं विचारलं तर आम्ही आधी गार हाताकडे बोट दाखवू. त्वचेचं तापमान हाताला किमान ३२ अंश सेल्सिअस आणि पायाला ३० ते ३१ तरी हवं. एसीत बसून आलेल्या माणसाची बोटं सहज २७ अंशांवर असतात. तापमान एका अंशाने उतरलं की नसेतला वेग सेकंदाला साधारण २ मीटरने घटतो आणि मनगटापासून अंगठ्यापर्यंतचा वेळ ०.२ मिलिसेकंदाने लांबतो. म्हणजे ३२ अंशांना ५५ मीटर वेग दाखवणारी निरोगी नस २७ अंशांना ४५ दाखवते. मीडियन नर्व्हची खालची मर्यादा ४९ च्या आसपास धरतात. झालं, काहीही आजार नसलेल्या माणसाच्या नावावर कागदावर न्यूरोपथी, म्हणजे नसांचा आजार, चढते.

असं होण्याचं कारण नसेच्या पापुद्र्यात बसलेल्या सोडियम चॅनलमध्ये, म्हणजे सोडियमला आत सोडणाऱ्या सूक्ष्म दारांमध्ये, आहे. संदेश पुढे सरकतो तो ही चॅनल एकामागून एक उघडत गेल्यामुळे. थंडीत ती उशिरा उघडतात आणि मिटायला त्याहूनही जास्त वेळ घेतात. उघडायला उशीर, म्हणून संदेश रेंगाळतो. मिटायला उशीर, म्हणून जास्त सोडियम आत शिरतो आणि स्क्रीनवरची वेव्ह, म्हणजे नसेच्या किंवा स्नायूच्या प्रतिसादाचा आलेख, उंच आणि रुंद होते. हीच खूण उपयोगी पडते, कारण आजारी नसेची वेव्ह सहसा खुजी असते. वेग कमी पण वेव्ह मात्र भरघोस असं दिसलं की पुढची नस घेण्याआधी थर्मामीटर उचलावा.

हात गरम करायला कोमट पाण्यात बुडवून ठेवणं सगळ्यांत सोपं. पाण्यातून काढल्यावर लगेच त्वचा ३४ अंश दाखवते, पण नस त्वचेच्या खाली असते आणि ती इतक्या लवकर तापत नाही, म्हणून थोडं थांबून, पुसून, पुन्हा मोजून मगच इलेक्ट्रोड लावायचे. गरम न करता गणिताने आकडे दुरुस्त करायची सवय काही ठिकाणी असते. ती आम्हाला पटत नाही. दुरुस्तीची सूत्रं निरोगी नसांवरून बसवलेली आहेत, आजारी नस थंडीत तशीच वागेल याची खात्री नाही.

आता मीडियन नर्व्हची मोटर तपासणी, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या धाग्यांची. आधी त्वचा स्पिरिटने पुसायची. तेल किंवा क्रीम लावलेलं असेल तर साबणाने धुऊनच यायला सांगायचं, नाहीतर इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यात अडथळा राहतो आणि मेन लाइनचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट वेव्हवर बसतो. पहिला इलेक्ट्रोड अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूच्या बरोबर मध्यावर, दुसरा अंगठ्याच्या सांध्यावर, आणि ग्राउंड या दोघांच्या आणि शॉक देण्याच्या जागेच्या मधे. पहिला इलेक्ट्रोड नेमका मध्यावरच का, तर नसेचे धागे स्नायूला तिथेच येऊन भिडतात. जागा बरोबर असेल तर वेव्ह सपाट रेषेवरून सरळ वर उठते. आधी खाली एक खळगा दिसला तर इलेक्ट्रोड सरकलेला आहे किंवा शेजारच्या नसेचा स्नायू मधे बोलतो आहे असं समजायचं.

शॉक देणाऱ्या दांडीला दोन टोकं असतात, कॅथोड (ऋण) आणि अॅनोड (धन). कॅथोड हाताच्या पंजाकडे ठेवायचा. कॅथोडखाली नसेची बाहेरची बाजू ऋण होते आणि संदेश तिथून सुटतो. दांडी उलटी धरली तर संदेश दोन-तीन सेंटिमीटर मागून निघतो, आपण मोजलेलं अंतर खोटं ठरतं आणि वेळेत ०.३ ते ०.४ मिलिसेकंद उगाच वाढतात. नवा टेक्निशियन पहिल्या आठवड्यात हे हमखास करतो. इलेक्ट्रोडपासून ७ सेंटिमीटरवर, मनगटाच्या मध्यभागी असलेल्या दोन कंडरांच्या मधे दांडी टेकवायची. प्रत्येक झटक्याची लांबी ०.२ मिलिसेकंद. करंट शून्यापासून थोडा थोडा वाढवत जायचा. वेव्हही वाढत जाते, कारण दर पायरीला आणखी काही अॅक्सॉन, म्हणजे नसेतले धागे, पेटतात. एका टप्प्यावर करंट वाढवूनही वेव्ह तेवढीच राहते, म्हणजे नसेतले सगळे जाड अॅक्सॉन कामाला लागले. त्यावर आणखी २० ते २५ टक्के करंट वाढवून शेवटची वेव्ह ठेवायची.

ही शेवटची पायरी गाळली की घोटाळे होतात. पेशंट कण्हतो म्हणून करंट अर्ध्यावर थांबवला तर वेव्ह छोटी येते आणि निम्मे अॅक्सॉन मेले असा निष्कर्ष निघतो. उलट बाजूने करंट फार चढवला तर तो शेजारच्या अल्नर नर्व्हपर्यंत पसरतो. दोन नसांचे स्नायू एकदम आकुंचन पावतात आणि मीडियन नर्व्ह आहे त्यापेक्षा धडधाकट दिसते. म्हणून स्क्रीनइतकंच लक्ष हाताकडे द्यायचं. अंगठा तळहातापासून वर उचलला गेला तर ठीक. करंगळीही हलली तर करंट उतरवायचा किंवा दांडी किंचित सरकवायची. बऱ्याचदा जागा दोन-चार मिलिमीटरने बदलली की निम्म्या करंटमध्ये काम होतं आणि पेशंटचाही त्रास वाचतो.

मनगटावरून आलेला वेळ, समजा, ३.४ मिलिसेकंद. आता तीच नस कोपराच्या आतल्या बाजूला, धमनीच्या ठोक्याच्या शेजारी उत्तेजित करायची. वेळ आला ७.४. दोन्ही जागांमधलं अंतर टेपने मोजलं, २२० मिलिमीटर. ७.४ मधून ३.४ वजा जाता ४.०, आणि २२० भागिले ४ म्हणजे ५५. मिलिमीटर भागिले मिलिसेकंद हे आपोआप मीटर प्रतिसेकंद होतं, त्यामुळे हिशोब तोंडी जमतो आणि मशीनने दिलेला आकडा लगेच पडताळता येतो.

सात सेंटिमीटरचं अंतर आणि ३.४ मिलिसेकंद हे आकडे हाताशी असताना त्यावरूनच वेग का काढत नाही, असं शिकणारे विचारतात. काढला तर तो २१ मीटरसुद्धा भरणार नाही. त्या ३.४ मधला सगळा वेळ नसेचा नसतो. नस संपते तिथे स्नायूपर्यंत विजेची जोडणी नाही, मधे फट आहे. नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलिन हे रसायन सुटतं, फट ओलांडतं, पलीकडच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतं आणि मग स्नायूत नवा संदेश उठतो. यात सुमारे एक मिलिसेकंद जातो. टोकाजवळचे धागे बारीक होत जातात, तिथेही वेग पडतो. दोन जागांच्या वेळांची वजाबाकी केली की हा दोन्हीकडे सारखाच असलेला भाग निघून जातो आणि उरतो तो फक्त नसेतला प्रवास. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर हीच युक्ती वापरली. स्नायूपासून दोन वेगवेगळ्या अंतरांवर उत्तेजन दिलं, वेळांतला फरक घेतला आणि सेकंदाला सुमारे २७ मीटर हा वेग काढला. हा वेग कधी मोजताच येणार नाही असं त्याच्याच गुरूंचं, योहानेस म्यूलरांचं, मत होतं.

वेव्हची उंची आणि संदेशाचा वेग या दोन गोष्टी वेगवेगळ्या भागांची खबर देतात, आणि सगळा रिपोर्ट यावर उभा असतो. नसेत हजारो अॅक्सॉन असतात. जाड अॅक्सॉनभोवती श्वान (Schwann) नावाच्या पेशींनी गुंडाळलेले मायलिन या चरबीयुक्त आवरणाचे थर असतात आणि साधारण दर मिलिमीटरला, जाड धाग्यांत त्याहून थोड्या जास्त अंतरावर, या गुंडाळीत सूक्ष्म खंड असतो, रॅनव्हियेची गाठ. सोडियम चॅनल मुख्यतः या गाठींवरच दाटलेली असतात. त्यामुळे संदेश मधला टप्पा जवळजवळ टाळून एका गाठीवरून पुढच्या गाठीवर जातो. मायलिन खराब झालं की टप्प्यावर करंट गळतो, पुढची गाठ पेटायला वेळ लागतो आणि वेग एकदम पडतो, हाताला ३५ च्याही खाली जातो. मायलिन शाबूत पण अॅक्सॉनच मेले असतील तर वेव्हची उंची घटते. जे उरले ते मात्र जवळजवळ पहिल्यासारखेच पळतात, म्हणून वेग फारसा बिघडत नाही. मोटर वेव्ह ४ मिलिव्होल्टच्या वर हवी. ती १ मिलिव्होल्ट आली आणि वेग ५१ असेल तर मायलिनला दोष देण्यात अर्थ नाही.

सेन्सरी, म्हणजे संवेदना वाहणाऱ्या धाग्यांच्या, तपासणीत सगळं हजारपट नाजूक. स्नायूची वेव्ह मिलिव्होल्टमध्ये, तर इथे नसेचाच सिग्नल थेट टिपायचा असतो आणि तो मायक्रोव्होल्टमध्ये येतो. तर्जनीवर दोन रिंग इलेक्ट्रोड तीन-चार सेंटिमीटर अंतराने चढवायचे आणि १३ किंवा १४ सेंटिमीटरवर मनगटाशी झटका द्यायचा. २० मायक्रोव्होल्टच्या पुढची वेव्ह चांगली मानतात. पेशंटने मूठ किंचित आवळली तरी तिच्या स्नायूंचा आवाज हा सिग्नल गिळून टाकतो. अशा वेळी दहा-वीस झटक्यांची सरासरी घ्यायची. सिग्नल दरवेळी त्याच क्षणी येतो, आवाज मात्र कुठेही येतो, म्हणून सरासरीत तो विरतो. १६ झटके घेतले की आवाज चौथ्या हिश्शावर येतो. पण पेशंटला सैल बसायला लावणं हा त्याहून चांगला उपाय. घामाचा ओघळ किंवा जास्त झालेलं जेल दोन रिंगांना जोडत असेल तर मात्र कितीही सरासरी घ्या, वेव्ह छोटीच येणार.

मनगटातल्या बोगद्यात मीडियन नर्व्ह दबली आहे का, हा सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न. सुरुवातीला तर्जनीचे आकडे मर्यादेच्या आतच असतात. तिथे पुन्हा अनामिका कामाला येते. त्याच बोटावर रिंग तशाच ठेवून १४ सेंटिमीटरवरून एकदा मीडियन आणि एकदा अल्नर उत्तेजित करायची. बोट एक, तापमान एक, अंतर एक, माणूसही एकच. म्हणजे बाकीच्या सगळ्या शंका आपोआप कटतात. अल्नरपेक्षा मीडियनला ०.५ मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला की बोगद्यात अडलं हे कळतं. अशा जोडीच्या तुलनेवर आमचा एकेकट्या आकड्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

अल्नर नर्व्हचं दुखणं कोपराशी. ती कोपराच्या हाडाच्या मागून जाते आणि हात सरळ असताना तिथे सैल पडलेली असते. त्या स्थितीत त्वचेवर टेप लावला तर अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं आणि धडधाकट नसही मंद ठरते. म्हणून कोपर ७० ते ९० अंशांत वाकवून, मोजमाप आणि झटके दोन्ही त्याच स्थितीत. कोपराच्या वरखाली मिळून १० सेंटिमीटर अंतर ठेवायचं. टेप एक सेंटिमीटर चुकला तर वेगात दहा टक्के चूक. कोपराच्या पट्ट्यातला वेग खालच्या हातापेक्षा १० मीटरहून जास्त पडला तरच आम्ही दबाव लिहितो. आणि एक सापळा: काही माणसांत कोपराखाली मीडियनमधून काही धागे अल्नरमध्ये ओलांडून जातात. याला मार्टिन-ग्रूबर जोड म्हणतात आणि ती काही फार दुर्मीळ नाही. अशा हातात अल्नरची वेव्ह मनगटावरून मोठी आणि कोपराखालून छोटी येते. मधेच नस अडल्यासारखं दिसतं. तेव्हा त्याच स्नायूवर इलेक्ट्रोड ठेवून कोपरापाशी मीडियनला झटका द्यायचा. हरवलेली उंची तिथे सापडते.

पायाच्या नसा लांब आणि जास्त गार, वेगाची मर्यादा ४० च्या आसपास. घोट्यामागची सुरल ही सेन्सरी नर्व्ह बघितल्याशिवाय मधुमेहाच्या माणसाचा रिपोर्ट पुरा होत नाही. पावलाच्या वरच्या बाजूचा छोटा स्नायू मात्र बुटाच्या दाबाने अनेकांचा मुळातच रोडावलेला असतो. तेवढ्याच एका वेव्हवरून निदान करू नये.

इथपर्यंतचे सगळे आकडे हातापायांतले. मानेजवळचं आणि कमरेजवळचं नसेचं मूळ असा झटका देऊन गाठता येत नाही, तिथे एफ वेव्ह लागते. मनगटावर झटका दिला की संदेश दोन्ही दिशांना धावतो. वर गेलेला मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या मोटर पेशींपर्यंत पोचतो आणि शंभरातल्या जेमतेम एक ते पाच पेशी उलट उत्तर देतात. तेच उत्तर खाली स्नायूत छोट्या वेव्हच्या रूपाने उमटतं. दरवेळी वेगळ्या पेशी बोलतात, म्हणून प्रत्येक एफ वेव्हचा आकार आणि वेळ वेगळा. किमान दहा झटके द्यायचे आणि सगळ्यांत लवकर आलेली वेव्ह धरायची. हिशोब असा: मनगट ते मान ७० सेंटिमीटर, जाऊन-येऊन १४००  मिलिमीटर, वेग ५५ तर २५.५ मिलिसेकंद. पेशीपाशी उलटायला १ आणि मनगटापासून स्नायूपर्यंतचे ३.४. एकूण ३० च्या आसपास. प्रत्यक्षात ३६ आले आणि हातातला वेग ठीक असेल तर अडथळा वर कुठेतरी आहे. गियाँ-बारे सिंड्रोमच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या आजाराच्या, पहिल्या दिवसांत हात-पाय लुळे पडत असताना बाकीचे आकडे बरे दिसतात आणि एफ वेव्ह मात्र गायब असते, कारण हा आजार बऱ्याचदा मुळांपाशी सुरू होतो.

पायात याच्या जोडीला एच रिफ्लेक्स. गुडघ्यामागे १ मिलिसेकंदाचा लांब, पण हलका झटका द्यायचा. हलक्या झटक्याला स्नायूतून येणारे सेन्सरी धागे आधी पेटतात. ते मज्जारज्जूत थेट मोटर पेशीला भिडतात आणि पोटरीत सुमारे ३० मिलिसेकंदांनी वेव्ह येते. करंट वाढवला की ती मोठी व्हायच्या ऐवजी लहान होत जाते, कारण मोटर धाग्यांतून उलटा वर निघालेला संदेश तिच्या वाटेत येऊन आदळतो. ही खूण दिसली की ती एच आहे, एफ नाही, याची खात्री पटते.

कमरेतल्या मणक्यांमधल्या चकतीने नसेचं मूळ दाबलं, पावलाची कड बधिर आहे, टाचणी टोचलेली कळत नाही, आणि तरी सुरल नर्व्ह अगदी नॉर्मल. पेशंटला वाटतं मशीन बिघडलं. सेन्सरी अॅक्सॉन ज्या पेशीतून निघतो ती मज्जारज्जूत नसते. ती मणक्यांमधल्या छिद्रापाशी, एका छोट्या गाठीत बसलेली असते. चकती सहसा गाठीच्या आतल्या बाजूला, पाठीच्या कण्यात दाबते. पेशी आणि तिचा पायाकडे गेलेला धागा दोघंही जिवंत, फक्त मज्जारज्जूकडची वाट तुटलेली. म्हणून बधिर पायात नॉर्मल सेन्सरी वेव्ह मिळणं हाच मुळाच्या दोषाचा पुरावा. दुसरीही एक अडचण ध्यानात ठेवावी: ही तपासणी फक्त जाड, मायलिनवाल्या धाग्यांची आहे. आग आणि थंड-गरम कळवणारे बिनमायलिनचे धागे सेकंदाला ०.५ ते २ मीटरने चालतात आणि त्यांचा सिग्नल या इलेक्ट्रोडना ऐकूच येत नाही. तळपायांची आगआग होणाऱ्या माणसाचा एनसीव्ही स्वच्छ येऊ शकतो. त्याला 'काही नाही' म्हणून घरी पाठवू नये.

स्नायूत सुई घालून करायची तपासणी (ईएमजी) शेवटी, कारण ती दुखते. रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का हे आधी विचारायचं. स्नायू सैल ठेवून सुई आत घातली की निरोगी स्नायू क्षणभर खडखडून गप्प होतो. नस तुटलेल्या स्नायूचे तंतू मात्र आपापले, एका लयीत, पत्र्यावर थेंब पडावेत तसे टपटपत राहतात. त्याला फिब्रिलेशन म्हणतात. मग पेशंटला हळू जोर लावायला सांगायचा. पहिला मोटर युनिट, म्हणजे एक मोटर पेशी आणि ती हलवते ते तंतू, सेकंदाला पाचेक वेळा बोलू लागतो आणि तो दहापर्यंत पोचला की दुसऱ्याने साथ द्यायला हवी. एकच युनिट वीसच्या पुढे एकटाच धावत असेल तर बाकीचे उरलेले नाहीत. स्नायूचाच आजार असेल तर उलट घडतं: थोड्याशा जोरालाच पुष्कळ युनिट गर्दी करतात, पण सगळे खुजे.

दुखापतीनंतर तपासणीची तारीख चुकली तर वरची सगळी मेहनत वाया. नस पूर्ण तुटली तरी तुटल्या जागेखालचा तुकडा लगेच मरत नाही. वॉलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हा ऱ्हास दाखवला. खालच्या बाजूने झटका दिला तर पहिले तीन दिवस मोटर वेव्ह नॉर्मल येते आणि नवव्या दिवसाच्या सुमारास संपते. सेन्सरी वेव्ह अकराव्या दिवसापर्यंत टिकते. सुईतली टपटप सुरू व्हायला दोन ते तीन आठवडे जातात, दूरच्या स्नायूंत त्याहून जास्त. अपघातानंतर चौथ्या दिवशी केलेला एनसीव्ही म्हणूनच फसवा. तो करावाच लागला तर पाया म्हणून ठेवायचा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. तेव्हाही जखमेच्या खालून वेव्ह चांगली आणि वरून काहीच नाही असं दिसलं, तर अॅक्सॉन जिवंत आहेत, फक्त मायलिनपाशी अडलंय, आणि सुधारणा आठवड्यांत होते. खालूनही वेव्ह गेली असेल तर धागे नव्याने वाढायला हवेत, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. चेहरा वाकडा झालेल्या पेशंटमध्ये हाच हिशोब दोन्ही गालांची वेव्ह शेजारी ठेवून करतात: दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास आजारी बाजूची वेव्ह चांगल्या बाजूच्या दहा टक्क्यांखाली उतरली असेल तर चेहरा पूर्ववत व्हायला महिने लागतील आणि थोडा कमकुवतपणा राहू शकेल, हे त्याच दिवशी सांगून टाकावं.